लपण

लपून बसणे ही गोष्ट आपल्याकडे कधीच प्रतिष्ठेची मानली गेली नाही. लपतो तो चोर, नाहीतर वाण्याची उधारी थकवलेला माणूस! पण पक्षी जवळून पाहायचा असेल, तर भल्याभल्यांना लपावेच लागते. अशा लपण्याच्या जागेला मराठीत नेमका शब्द आहे – लपण. रानात लपण करणे फारसे अवघड नाही. चार फांद्या ओढाव्यात आणि त्यांच्याआड बसून राहावे. पण जेथे गुडघाभर झुडूपही नाही अशा कापणी झालेल्या शेतात, तेही आकाशातून खाली पाहणाऱ्या पक्ष्यापासून, लपायचे तरी कसे?

बंगळूरच्या मल्लेश्वरम भागातल्या एका मराठी घरात हा प्रश्न एका हिवाळ्यात चांगलाच गाजला. घरात आबा, आजी, मुलगा, सून आणि चौदा वर्षांचा नातू. निवृत्तीनंतर आबांना पक्ष्यांचा नाद लागला आणि तो नातवाला जडायला वेळ लागला नाही. रविवारी पहाटे दोघे हेसरघट्ट्याला जात. बंगळूरला पाणी पुरवण्यासाठी १८९४ साली अर्कावती नदी अडवून तेथे तलाव बांधला गेला. त्याच्या शेजारच्या गवताळ माळावर हिवाळ्यात दूरदूरचे शिकारी पक्षी उतरतात. एका छायाचित्रासाठी त्यांच्यामागे गाड्या पळवणारी माणसेही नातवाने तेथेच पाहिली. "आबा, आपण असं करायचं नाही," हे त्याने स्वतःच ठरवून टाकले होते.

त्याला हवा होता पट्टकादंब. राखाडी अंगाचा, पांढऱ्या डोक्यावर मागच्या बाजूने दोन काळ्या पट्ट्या ओढलेला हा जंगली हंस. तिबेट आणि मंगोलियाच्या पठारांवर याची घरटी. थंडीत तो हिमालय ओलांडून भारतात येतो. उपग्रहाच्या साहाय्याने माग काढलेल्या पट्टकादंबांपैकी एक ७,२९० मीटर उंचीवरून उडाल्याची नोंद आहे. कर्नाटकात गदग जिल्ह्यातल्या मागडी गावचे तळे हे त्यांचे मोठे मुक्कामाचे ठिकाण. २०२४ साली या तळ्याचा समावेश रामसर यादीत, म्हणजे जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागांमध्ये झाला. हंस दिवसा तळ्यावर विसावतात आणि रात्री, पहाटे भोवतालच्या शेतांत चरायला जातात. त्यांना चरताना पाहायचे, तर शेतातच लपायला हवे.

आबांनी एका पुस्तकात अमेरिकेतल्या हंस-शिकाऱ्यांचे लपण पाहिले होते. माणूस आडवा झोपेल एवढी, जेमतेम हातभर उंचीची चौकट, वर कापड आणि त्या कापडावर शेतातलेच काड-गवत. शिकारी आत उताणा झोपतो आणि हंस डोक्यावर आले की झटकन उठून बार काढतो. आबांनी त्यात आपल्या गरजेपुरता बदल केला. छायाचित्र काढणाऱ्याला पालथे झोपावे लागते आणि उठायचे तर मुळीच नसते. म्हणून चौकट आणखी बुटकी केली आणि पुढच्या बाजूला लेन्सपुरती फट ठेवली.

गच्चीवर कामाला सुरुवात झाली. हलक्या नळ्यांच्या चौकटीवर गोणपाट ताणले गेले. त्यावर काड अडकवण्यासाठी ओळीने फासे हवे होते. आजीने जुन्या परकरांच्या नाड्या कापून शंभरेक फासे शिवून दिले. नवे कापड उन्हात चकाकते, ती चकाकी मोडायला त्यावर चिखल फासतात, वाळू देतात आणि मग झटकतात. आबा कुंडीतली माती कालवायला बसले, तेवढ्यात आजी म्हणाली,

"अहो, ही इथली लाल माती फासून नेणार का तिकडे?"

"का? माती ती माती."

"माझं माहेर धारवाडचं आहे, विसरलात वाटतं! गदगकडची माती काळीभोर. त्या रानात तुमचं हे तांबडं गोणपाट कपाळावरच्या कुंकवासारखं उठून दिसेल."

आबांनी निमूटपणे हात धुतले. चिखल फासायचे काम मागडीच्या शेतावर गेल्यावरच करायचे ठरले.

फासे शिवून होत असताना नातवाने विचारले, "आबा, म्हणजे आपण शिकाऱ्यांचीच युक्ती वापरतोय ना?"

प्रश्न बरोबर होता. ही विद्या मुळात शिकाऱ्यांचीच. आपल्याकडेही ती जुनी आहे. तळ्यात रिकामी मडकी सोडून द्यायची. काही दिवसांत बदकांना त्यांची सवय होते. मग एक माणूस भोके पाडलेले मडके डोक्यावर घालून गळ्याइतक्या पाण्यातून हळूहळू पुढे सरकतो आणि बदकाचे पाय धरून त्याला खाली ओढतो. साहेबांच्या काळात तर मोजमापच राहिले नाही. भरतपूरला १२ नोव्हेंबर १९३८ रोजी व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्या शिकारीत एका दिवसात ४,२७३ पक्षी मारले गेले. आज त्याच भरतपुरात राष्ट्रीय उद्यान आहे. डॉ. सालिम अली यांना पक्ष्यांची गोडी लागली तीही लहानपणी छऱ्याच्या बंदुकीने मारलेल्या एका चिमणीमुळे. १९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा आला. परवान्यावर होणाऱ्या शिकारीची उरलीसुरली वाट १९९१ च्या दुरुस्तीने बंद केली. आबांनी हे सगळे सांगितले आणि म्हणाले, "युक्ती तीच. पण शिकारी लपतो तो शेवटी उठण्यासाठी. आपण पक्षी जाईपर्यंत लपूनच राहायचं. जमेल?"

"जमेल," नातू म्हणाला. चौदाव्या वर्षी सगळेच जमणार असते.

जानेवारीत दोघे मागडीला पोहोचले. तळ्याच्या काठी वन खात्याचे नियम आहेत, म्हणून त्यांनी थोड्या अंतरावरच्या एका शेतकऱ्याची परवानगी काढली. मका काढून झालेले रान आणि त्याला लागून हिरवागार हरभरा. "धसकटं हवी तेवढी घ्या, अज्जा," शेतकरी कानडीत म्हणाला, "फक्त हरभऱ्यात पाय टाकू नका."

संध्याकाळी काळ्या मातीचा चिखल गोणपाटाला लागला. मक्याचे काड लपणाच्या आसपासचे घेतले नाही. तसे केले तर लपणाभोवती मोकळे वर्तुळ पडते आणि वरून पाहणाऱ्याला तेच आधी खटकते. शेतभर हिंडून थोडे थोडे गोळा केले. सगळे काड उभे खोचले तर ते झुडूप दिसते. म्हणून शेतात जसे पडले होते तसे, काही आडवे, काही मोडके लावले. सगळ्यांत फितूर असते ती सावली. पहाटेच्या तिरप्या उन्हात हातभर उंचीची सावलीही लांबच लांब पडते. म्हणून लपण सरीच्या दिशेने ठेवले आणि दोन्ही कडांना काड उतरते रचून सावली मोडून टाकली. पक्ष्यांच्या डोळ्यांत रंग ओळखणाऱ्या पेशी चार प्रकारच्या असतात, आपल्या तीनच. शिवाय हंसाचे डोळे दोन्ही बाजूंना, त्यामुळे त्याला चहूकडचे दिसते. अशा पाहणाऱ्याला रंगाने फसवणे कठीण. त्याच्यापुढे एकच उपाय, तो म्हणजे न हलणे.

पहाटे चार वाजता दोघे लपणांत शिरले. थंडी, पोटाखाली ढेकळे आणि कानाशी गुणगुणणारा एक डास. त्याला मारायलाही हात हलवायचा नाही! उजाडायच्या सुमारास अंधारातून आवाज आला, नाकात बोलल्यासारखा. मग पंखांची सळसळ. पन्नास-साठ हंस हरभऱ्यात उतरले. सर्वांत जवळचा चाळीस पावलांवर असेल. एक हंस मान ताठ करून पहारा देत होता, बाकीचे कोवळे शेंडे खुडत होते. उजेड वाढला तशा डोक्यावरच्या पट्ट्या स्पष्ट झाल्या. नातवाने हळूच छायाचित्रे घेतली.

मग त्याला मोह झाला. सूर्य नुकताच वर आला होता. आत्ता फक्त हात वर केला, तर सगळा थवा सोनेरी उजेडात एकदम उठेल. असे छायाचित्र कुणालाही हवेहवेसे वाटेल. शेजारच्या लपणातून आबांना त्याचा हात बाहेर सरकताना दिसला. त्यांना बोलता येत नव्हते, थांबवताही येत नव्हते. हात क्षणभर तसाच राहिला आणि पुन्हा आत गेला.

आणखी तासाभराने हंस आपणहून उठले आणि तळ्याकडे गेले. त्यांची पाठ सूर्याकडे होती. छायाचित्र तसे काही साधले नाही.

शेतकरी चहा घेऊन आला. कॅमेऱ्याच्या पडद्यावर त्याने हंस पाहिले. इतकी वर्षे शेजार असूनही एवढ्या जवळून त्याने ते पाहिले नव्हते. तो कौतुकाने म्हणाला, "देखणा आहे हो!" मग पडद्यावर बोट ठेवून हसत म्हणाला, "आणि हे याच्या चोचीत आहे ना, तो माझा हरभरा."

त्या हसण्यात तक्रार नव्हती असे म्हणता येणार नाही. दोन सऱ्यांचे शेंडे खुडलेले दिसत होते. फटाके वाजवून हंस हाकलावेत तर ते या तळ्याकडे पाठ फिरवतील. न हाकलावेत तर पिकाला फटका. पाहुण्यांचे कौतुक शहरातली माणसे करतात, त्यांची पंगत मात्र शेतकऱ्याच्या अंगणात बसते. आबांनी जागेचे भाडे म्हणून काही रुपये पुढे केले. शेतकऱ्याने ते मोजले, निम्मे परत दिले आणि म्हणाला, "बाकीच्याचा फोटो पाठवा. मोठा करून."

परतीच्या गाडीत नातू बराच वेळ गप्प होता. मग त्याने विचारले, "आबा, पुढच्या वर्षी हरभरा उगवायच्या आधी काकांना विचारून ठेवायचं का? त्या दोन सऱ्यांचे पैसे आपणच आधी देऊन टाकू."

आबा काही बोलले नाहीत. त्यांनी खिशातली छोटी वही काढली आणि पुढच्या वर्षाच्या खर्चात दोन सऱ्या हरभरा लिहून ठेवला.