मुहूर्त 12:20 चा, फोटो साडेसातचा

पत्रिकेवर छापलेला मुहूर्त आणि प्रत्यक्ष अक्षता पडण्याची वेळ यांचा आमच्या मराठवाड्यात फारसा संबंध नसतो. पत्रिकेवर 12:20. मग परण्या निघतो, मारुतीचं दर्शन होतं, नवरदेवाचे मित्र बँडसमोर मनसोक्त नाचतात, मांडवात आल्यावर मान्यवरांचे सत्कार आणि आशीर्वादपर भाषणं. अक्षता दोनला पडल्या तरी पाहुणे म्हणतात, "वेळेवर लागलं हो लग्न!"

2023 च्या मे महिन्यात धाकट्या बहिणीचं लग्न झालं. आम्ही नांदेडचे, नवरदेव लातूरचा. फोटोग्राफरला टाइमटेबल करून द्यायचं काम माझ्याकडे आलं. आयटीवाला म्हटल्यावर एक्सेल शीट आलीच :-)

शीट उघडण्याआधी थोरल्या ताईचा अल्बम काढला. नवरा-नवरीचे फोटो भरपूर, स्टेजवरच्या आहेराचे त्याहून भरपूर. बाबा किती फोटोंत? दोन. कन्यादानात मान खाली घातलेले आणि पाठवणीत पाठमोरे. उरलेला दिवस ते आचाऱ्यापाशी, पाण्याच्या टँकरपाशी, नाहीतर वऱ्हाडाच्या खोल्यांवर. आईच्या लग्नाच्या अल्बममध्ये मात्र तिचे वडील नीट दिसतात. तेव्हा छत्तीस फोटोंचा रोल असायचा. फोटो मोजून काढायचे, म्हणून फोटोग्राफर स्वतःच ओरडायचा, "मुलीच्या वडिलांना बोलवा!" आता कार्डात हजारो फोटो मावतात, त्यामुळे कुणी कुणाला बोलवत नाही.

तेव्हा शीटमधली पहिली ओळ ठरली: बाबा.

आता वेळ कोणती? दुपार बादच. भारताची प्रमाणवेळ साडेब्याऐंशी रेखांशावरची. नांदेड तिथून पाचेक अंश पश्चिमेला, आणि एका अंशाला चार मिनिटं. म्हणून आपल्याकडे सूर्य माथ्यावर येतो तो बाराला नाही, मे महिन्यात सव्वाबाराच्या सुमारास. त्यातून मेच्या मध्यावर नांदेड-लातूर पट्ट्यात तो अगदी डोक्यावरून जातो, उभ्या काठीची सावलीसुद्धा पडत नाही. म्हणजे बरोबर मुहूर्ताच्या वेळी उघड्यावर फोटो काढला, तर डोळ्यांच्या जागी काळे खड्डे आणि नाकाखाली सावलीची मिशी. मांडवात जावं तर लाल-निळ्या कापडातून येणारा उजेड सगळ्यांना लाल-निळं करून टाकतो. (मांडववाल्याला स्टेजवरचं छत पांढरंच लावायला सांगा. पैसे तेवढेच पडतात.)

अक्षता पडल्यानंतर तर विसराच. वधू-वर स्टेजवर अडकतात, रांग हलत नाही आणि घरचे लोक पंगतीत वाढत असतात.

उरले दोनच तुकडे. आदल्या दिवशीची संध्याकाळ आणि लग्नाची सकाळ. लातूरहून वऱ्हाड चाकूर, अहमदपूर, लोहा करत येतं, तीन तास धरायचेच. ते दुपारी एकला निघालं की चहापाणी होऊन साडेपाचला सगळे तयार. मेमध्ये सूर्य पावणेसातनंतर मावळतो. म्हणून सहा ते साडेसहा दोन्ही घरांचा एकत्र फोटो, मग सीमंतपूजन. आणि सकाळी साडेसात ते पावणेआठ कार्यालयाच्या पश्चिमेच्या भिंतीच्या सावलीत आमच्या घरचे. मेकअपवाली आठला येणार होती आणि आजीला फार वेळ बसवत नाही, तिलाही सकाळच बरी.

बाबांना शीट दाखवली. "फोटोचं काय एवढं, नंतर काढू की." लग्नघरात 'नंतर' म्हणजे काय ते ताईच्या अल्बममध्ये दिसलंच होतं. त्यांची खरी अडचण वेगळी होती. साडेसातला नाश्ता सुरू होतो आणि आचारी दर पाच मिनिटांनी काहीतरी मागतो. तिथून हलायचं कसं? मग शीटमध्ये एक कॉलम वाढवला, 'ह्यांच्या जागी कोण'. आचाऱ्यापाशी मामा, वऱ्हाडाच्या खोल्यांवर चुलतभाऊ, दागिन्यांच्या बॅगेपाशी आत्या, आईच्या हातातल्या किल्ल्या मावशीकडे. ऑफिसात कुणी रजेवर गेलं की आपण हेच करतो. घरात मात्र वधूपित्याला बदली माणूस देता येतो हे कुणाला सुचत नाही. बाबांचा एक फोटो हवा असेल तर कॅमेऱ्याइतकीच मामांची गरज असते!

पंधरा मिनिटांत अकरा फोटो निघाले. बहीण साध्या साडीत, आजी खुर्चीत, बाबा इस्त्रीच्या शर्टात. त्यांची कुरकूर अजून चालू आहे, "फेटा तरी बांधू द्यायचा होता." पण तोच फोटो मोठा करून त्यांनी बैठकीत लावलाय.

अक्षता पडल्या एक पन्नासला. वेळेवरच म्हणायच्या.

असो. येत्या सीझनमध्ये ज्यांच्या घरी लग्न आहे त्यांनी हॉल, ड्रोन वगैरे ठरवाच. पण घरात सगळ्यात जास्त पळणारी दोन माणसं कोण आणि पंधरा मिनिटं त्यांच्या जागी कोण उभं राहील, हे आधी लिहून काढा. आणि ती पंधरा मिनिटं सकाळी आठच्या आतली ठेवा.