न उलटलेली तीन पाने

व्यापाऱ्याच्या घरात दोन भाऊ असले, की एक गादी सांभाळतो आणि दुसरा नोकरी धरतो, ही जुनी रीत. आमच्याकडे थोरल्याने, म्हणजे मी, बँकेची नोकरी धरली आणि धाकट्याने दुकान. लोक समजत, की मी जग पाहिले आणि तो काट्या-मापाशी बसून राहिला. प्रत्यक्षात झाले ते नेमके उलट.

आमचे वडील 1956 च्या सुमारास जुन्नरहून मुंबईला आले. माहुलला तेलशुद्धीकरणाचे दोन कारखाने नुकतेच सुरू झाले होते, एक 1954 साली आणि दुसरा 1955 साली. पुढे आपण त्यांना हिंदुस्तान पेट्रोलियम व भारत पेट्रोलियम या नावांनी ओळखू लागलो. कामगारांची वर्दळ वाढेल हे हेरून वडिलांनी माहुलगावात किराणा दुकान मांडले. समोर खाडी, पलीकडे शिवडी आणि शेजार कोळी बांधवांचा. धाकटा त्यांच्याच मुलांबरोबर वाढला. मासळीला त्याने कधी हात लावला नाही, पण भरती-ओहोटीच्या वेळा त्याला तोंडपाठ असत. कोळीवाडा त्याला ‘छोटे शेठ’ म्हणे.

कॉलेजात असताना त्याला सह्याद्रीचे वेड लागले. शनिवारी दुकान वाढवले, की रात्रीच्या गाडीने निघायचे आणि सोमवारी सकाळी पुन्हा गल्ल्यावर हजर व्हायचे, हा त्याचा नेम. हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा आणि कळसूबाईचे शिखर त्याने किती वेळा पाहिले याची गणती नाही. चौविहार मात्र गडावरही मोडला नाही. मित्र रात्री शेकोटीभोवती जेवत, तेव्हा हा त्यांना गोष्टी सांगत बसे. नाणेघाटावर त्याचा विशेष जीव. सातवाहनांच्या काळी कल्याण-सोपाऱ्याचा माल याच घाटाने जुन्नरला चढत असे. मी त्याच्या भटकंतीवरून बोललो, की तो हसून म्हणे, “दादा, आपली जात घाट ओलांडणाऱ्यांची. दुकानात बसायला आपण नंतर शिकलो.”

1994 साली तो माझ्याकडे एक विचार घेऊन आला. दोर, तंबू, पाठपिशव्या असे गिर्यारोहणाचे साहित्य विकायचे आणि भाड्यानेही द्यायचे. त्यासाठी कर्ज हवे होते आणि जामीन म्हणून माझी सही. सोबत त्याने तीन पाने हिशेब लिहून आणला होता. मी ती पाने उलटलीदेखील नाहीत. घरात पाहुणे बसले होते, त्यांच्यादेखत म्हणालो, “डोंगराच्या नादावर कोणी कर्ज देत नाही.” सारे हसले. तोही हसला, आणि कागद घडी करून खिशात ठेवले.

पुढे त्याच्यासाठी माहुलच्या एका कोळी मित्राने सही केली. सख्ख्या भावाने नाकारलेला जामीन मासेमारी करणाऱ्या शेजाऱ्याने दिला. कर्जाचा एकही हप्ता चुकला नाही. त्याविषयी तो मला कधी एका शब्दानेही बोलला नाही आणि मीही विषय काढला नाही.

26 जुलै 2005 चा प्रलय आपण सर्वांनी पाहिला. सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडला. मी कुर्ल्याच्या शाखेत पहिल्या मजल्यावर सहकाऱ्यांसह अडकलो होतो. फोन बंद, खाली छातीभर पाणी. पहाटे जिन्यावर पावले वाजली. धाकटा दोन कोळी मित्रांसह माहुलहून चालत आला होता. खांद्यावर गिर्यारोहणाचा दोर आणि प्लास्टिकमध्ये गुंडाळलेले खाकरे. वाटेत एका बसमधल्या प्रवाशांना त्यांनी त्याच दोराच्या आधाराने पाण्यातून पार केले होते. त्याला पाहून माझ्या तोंडून पहिले वाक्य निघाले, “दुकान कोणावर टाकून आलास?” तो म्हणाला, “दुकान जागेवरच आहे दादा. तुम्ही जागेवर आहात का, ते बघायला आलो.”

2022 मध्ये अल्पशा आजाराने तो गेला. वय साठ. डोंगर त्याचा घात करील अशी भीती आम्ही चाळीस वर्षे बाळगली, पण डोंगराने त्याला एकदाही दगा दिला नाही.

दिवसकार्य आटोपल्यावर त्याच्या फायली मी लावल्या. कर्जफेडीच्या पत्राला टाचलेली ती तीन पाने तिथे होती. अठ्ठावीस वर्षांनी ती मी प्रथमच वाचली. पावसाळ्यात कोणता माल किती उचलायचा, भाड्याच्या तंबूची झीज कशी धरायची, एक हंगाम बुडाला तर हप्ता कोठून भरायचा, सारे स्वच्छ अक्षरात मांडलेले. एखाद्या परक्याने अशी मांडणी टेबलावर ठेवली असती, तर मी त्याच दिवशी मंजुरीची शिफारस केली असती. जामीन राहण्यास नकार देणे हा दोष नव्हे, तो व्यवहार झाला. परक्याचे कागद नियमाने वाचणाऱ्या माणसाने भावाचे कागद न वाचताच त्याला हसावे, हा दोष माझा.

दर संवत्सरीला त्याचा फोन पहाटे पहिला येई. “दादा, मिच्छामि दुक्कडम्.” मीही म्हणे, पण उत्तरादाखल. थोरल्याने आधी कसे म्हणावे, हा अहंकार. शिवाय नेमकी कोणती चूक, हे मी कधीच उच्चारले नाही.

गेल्या हिवाळ्यात मी नाणेघाटावर गेलो. गुडघे थकले आहेत, म्हणून जुन्नरच्या बाजूने गाडीने. माथ्यावरचा दगडी रांजण पाहिला. त्यात जकात टाकत, असे सांगतात. खाली कोकण पसरले होते आणि धाकट्याची चढून येण्याची वाट दिसत होती. तेथे उभे राहून मी मोठ्याने त्या तीन पानांचा उल्लेख केला आणि क्षमा मागितली. ऐकायला कोणी नव्हते.

ज्यांचे भाऊ आज फोनवर भेटू शकतात, त्यांनी या संवत्सरीला फोन आधी करावा आणि चूक नाव घेऊन सांगावी, एवढीच विनंती.