ला होयाचे जलसिंह

परभणी जिल्ह्यांतील आमच्या देवगांव फाट्यावरून समुद्र कोणत्याही दिशेनें दूरच. येथील मुलगा पोहावयास शिकतो तो विहिरींत, पाठीस भोपळा बांधून, किंवा दुधनेच्या डोहांत. आम्हीही तसेच शिकलों. एप्रिल २०२४ मध्यें अमेरिकेंतील सॅन डिएगो शहरीं पुतण्याकडे मुक्काम असतां ला होया येथील लहानशा उपसागरांत जलसिंहांसमवेत पोहण्याचा बेत निघाला, तेव्हां मंडळींना आमच्या वयाची चिंता पडली. आम्हांस मात्र पाण्याच्या थंडीची.

जलसिंह हें नांव इंग्रजी 'सी लायन' ह्यावरून घेतलेलें. अमरकोशाच्या वारिवर्गांत शिशुमार, उद्र, मकर, नक्र सारे आहेत. ह्या प्राण्यास शब्द नाहीं, व असावा तरी कसा? हिंदुस्थानच्या किनाऱ्यावर तो राहतच नाहीं. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यालगत उत्तरेकडून शीत प्रवाह येतो. शिवाय वाऱ्यानें वरचें पाणी दूर लोटलें कीं खालचें गार पाणी वर चढतें. त्याबरोबर पोषक क्षार येतात, त्यांवर सूक्ष्म वनस्पति वाढतात, त्यांवर मासे, आणि माशांवर हे सिंह. म्हणजे जी थंडी आमचे दांत वाजविते, तीच त्यांचें अन्नछत्र चालविते.

त्या सकाळीं पाणी सुमारें १६ अंश होतें. कोंकणचा समुद्र त्या मानानें ऊनच म्हणावा. अंगांत जाड रबरी पोशाख होता. त्यानें अंग कोरडें राहत नाहीं; आंत शिरलेल्या पाण्याचा पातळ थर अंगाच्या उबेनें तापतो व तोच आपलें रक्षण करतो. तरी पहिल्या बुडीसरशीं श्वास अडखळला. अशा वेळीं हातपाय न झाडतां तरंगत राहावें व श्वास ताळ्यावर आणावा. घाबरला तर पट्टीचा पोहणाराही नाकातोंडांत पाणी घेतो. पुण्याचे रोहन मोरे यांनीं जगांतील सात अवघड सागरी पल्ले २०१८ मध्यें पुरे केले, तेही असला पोशाख न घालतां. त्या पराक्रमाचा अर्थ आम्हांस तेथें कळला.

अमेरिकेंत १९७२ च्या कायद्यानें सागरी सस्तन प्राण्यांस त्रास देणें हा गुन्हा आहे, व त्यांच्यापासून ५० यार्ड दूर असावें अशी सरकारी सूचना आहे. मग समवेत पोहणें तें कसें? आपण त्यांच्याकडे जावयाचें नाहीं. तेच आले तर हात आंखडून स्थिर राहावयाचें.

आम्ही खडकांपासून बरेच दूर तरंगत होतों. खालून एक पोरसवदा जलसिंह आला. खडकावर फतक-फतक चालणारा प्राणी तो हाच काय, अशी शंका यावी! पुढील दोन वल्ह्यांच्या एका फटकाऱ्यासरशीं तो उताणा झाला, आमच्या खालून सरकला, बुडबुड्यांची माळ सोडली आणि वळून हातभर अंतरावरून काळ्याभोर डोळ्यांनीं पाहूं लागला. त्याचे इवलेसे कान स्पष्ट दिसले. सीलला असे बाहेरचे कान नसतात. ३५ वर्षें आम्हीं वर्गांत मुलांना निरखलें. येथें आम्हांस कोणी निरखीत होतें. पुतण्याच्या मुलानें हात पुढें केला, तो आम्हीं धरून मागें घेतला. दूर एक दांडगा नर भुंकत होता. पूर्ण वाढलेला नर ३५० किलोपर्यंत भरतो, हें आम्ही विसरलों नव्हतों.

जवळच्या पॉइंट ला होया ह्या खडकांवर माणसांस २०२३ पासून बाराही महिने बंदी आहे. छायाचित्रांच्या हौसेपायीं लोक पिलांच्या अगदीं जवळ जात. कित्येकांना ही बंदी जाचक वाटते. आमच्या मतें ती उशिराच आली.

२०२५ च्या वसंतांत पुतण्याकडून जें कळलें, त्यानें मन खिन्न झालें. समुद्रांत एका सूक्ष्म शैवालाचा अतोनात फैलाव झाला. त्यांतील डोमोइक आम्ल नांवाचें विष लहान माशांत सांठतें व ते खाणाऱ्या जलसिंहाच्या मेंदूस बाधतें. त्यास झटके येतात, भान राहत नाहीं. अशा भ्रमिष्ट अवस्थेंत कांहीं जलसिंह माणसांस चावले. दक्षिण कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर आजारी प्राणी एकसारखे येऊन पडत होते. शुश्रूषागृहांत त्यांस झटके थांबविणारीं औषधें देतात. कांहीं बरे होऊन समुद्रांत परततात, कांहीं परतत नाहींत.

आमचा तो पोरसवदा त्यांत होता काय, हें कोण सांगणार? पुतण्यानें एवढेंच कळविलें, कीं मुलाला यंदा पाण्यांत उतरूं दिलेलें नाहीं. तो रविवारीं कठड्याशीं उभा राहून त्यांचें भुंकणें ऐकून येतो.