न्हाणीघरातला अग्नी

तांब्याच्या बंबाच्या मधोमध जी उभी नळी असे, तिच्यात करवंट्या आणि लाकडाच्या ढलप्या टाकून त्या पेटविल्या की भोवतीचे पाणी तापे, राख खालच्या जाळीतून गळे आणि धूर वरच्या तोंडाने निघून परसातल्या मोकळ्या हवेत विरून जाई. धुराच्या वाटेचा बंदोबस्त त्या पात्राच्या घडणीतच होता. गॅसचा गीझर घ्यावा की विजेचा, या विवंचनेत पडलेल्या आजच्या गृहस्थाच्या ध्यानातून नेमकी हीच गोष्ट निसटते, कारण त्याचा विचार जमाखर्चापासून सुरू होतो.

तो जमाखर्च गॅसला अनुकूल आहे, हे मान्य केलेच पाहिजे. २० लिटरची बादली २० अंशांवरून ४० अंशांवर नेण्यास ४०० किलोकॅलरी उष्णता लागते; ती विजेने द्यावी तर सुमारे अर्धे युनिट खर्ची पडते, आणि गॅसने द्यावी तर, वाया जाणारी उष्णता हिशेबात धरूनही, १४.२ किलोच्या सिलिंडरातला पन्नासएक ग्रॅम गॅस पुरतो. शिवाय चंद्रपूर-कोराडीला कोळसा जाळून जी वीज निर्माण होते, तिच्यासाठी निम्म्याहून अधिक उष्णता आधीच गमावलेली असते. तीच वीज पुन्हा पाणी तापविण्यास वापरणे हा द्राविडी प्राणायामच होय.

परंतु ज्योतीला प्राणवायू हवा असतो. डिसेंबरच्या पहाटे, थंडी आत येऊ नये म्हणून खिडकी लावून घेतलेल्या चार-पाच फुटांच्या न्हाणीघरात ज्योत आणि स्नान करणारे माणूस अशी दोघेही त्याच तुटपुंज्या हवेवर जगू लागली, म्हणजे ज्वलन अपुरे होते आणि कार्बन मोनॉक्साइड उत्पन्न होतो. सिलिंडरातल्या गॅसला, गळती कळावी म्हणून, उग्र दर्प मुद्दाम दिलेला असतो. या वायूला मात्र ना रंग ना गंध, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूच्या दोनशेहून अधिक पट दृढतेने चिकटतो. डोके जड होते, गुडघ्यांतले बळ जाते, आणि दाराला कडी आतून असते. १८६८ साली लंडनच्या बेंजामिन मॉन याने गॅसवर तत्काळ पाणी तापविणारे यंत्र तयार केले, त्यालाही धुराडे नव्हते. इतक्या जुन्या उणिवेकडे आपण अजून काणाडोळा करावा, याचे मला मनस्वी दुःख होते.

विजेचा गीझर सर्वस्वी निर्धोक आहे असे नव्हे. क्षारयुक्त पाण्याने कॉइलवर पुटे चढतात, आणि अर्थिंग सदोष असेल तर जिवावर बेतते. पण ही भये वायरमनला बोलावून आधीच निवारता येतात. म्हणून माझे मत असे की, बाल्कनीत किंवा मोरीबाहेरच्या उघड्या जागेत गीझर टांगून केवळ नळाने ऊन पाणी आत आणण्याची सोय असेल, तरच गॅसचा विचार करावा. एरवी विजेचा १५ लिटरचा गीझर बसवावा, अर्थिंग तपासून घ्यावे आणि स्नानापूर्वी वीसएक मिनिटे बटण दाबावे. मग वृद्ध आईने न्हाणीघराची कडी आतून लावली तरी बाहेर कोणी कान देऊन उभे राहायला नको.