चौकोनी दिसला म्हणून घन नव्हे

जळगावकडचा फिकट हिरवा अपोफिलाइट हातात पडला की खनिज-संग्रहाचा नवखा नोंदकार ‘सुंदर, घनाकार स्फटिक’ असं लिहून मोकळा होतो. ‘सुंदर’ कुणाच्याच कामाचं नाही. ‘घनाकार’ तर सरळ चूक.

मुरलेला माणूस आधी भिंग काढतो आणि दगड दिव्याखाली सावकाश फिरवतो. बाजूचे चारही पैलू काचेसारखे चमकतात, त्यांवर बारीक उभ्या रेघा असतात. माथ्याच्या चौकोनावर त्या रेघा नसतात, आणि चमकही मोत्याची. खऱ्या घनाचे सहाही पैलू एकसारखे. हा मात्र टेट्रागोनल, म्हणजे तळ चौरस पण उंचीची दिशा वेगळी; बुटका वाढल्यामुळे घनाचं सोंग घेतलेला. त्याचे अणू थराथरांनी रचलेले, म्हणून माथ्याला समांतर तो फार सहज फुटतो. खरी मेख इथेच आहे. एखाद्याचं मूळचं टोकदार शिखर खाणीत उडालं, तरी उरलेला सपाट भाग जन्मजात पैलूसारखाच लखलखतो! कडेला थरांच्या पायऱ्या आणि आत समांतर चिरा दिसल्या, तर वर्णनात ‘फुटलेला’ हा शब्द यायलाच हवा, विकणाऱ्याला कितीही झोंबला तरी.

सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या दख्खनच्या लाव्हात वायूच्या बुडबुड्यांनी पोकळ्या राहिल्या. पुढे खनिजं विरघळलेलं पाणी त्यांत झिरपलं आणि अपोफिलाइटसारखे स्फटिक तिथे वाढले. खडीसाठी कातळ फोडताना या पोकळ्या उघड्या पडतात. अपोफिलाइटच्या शेजारी बहुधा स्टिलबाइट असतो, मधोमध आवळलेल्या पेंढीसारखा. ह्यूलँडाइटचे स्फटिक शवपेटीच्या घाटाचे. ही दोन्ही पूर्वी एकच समजली जात. १८२२ मध्ये खनिजतज्ज्ञ ब्रूक यांनी ह्यूलँडाइटला वेगळं नाव दिलं, तेही ह्यूलँड नावाच्या खनिज-व्यापाऱ्याचं.

पुण्याजवळच्या वाघोलीच्या खाणींतला निळा कॅव्हन्साइट जगभरच्या संग्राहकांना ठाऊक आहे. तिथलाच पेंटागोनाइट रंगाने तसाच, रासायनिक घटकही तेच, पण अणूंची मांडणी वेगळी. पेंटागोनाइटचे जुळे स्फटिक आडव्या छेदात पाच टोकांच्या चांदणीसारखे दिसतात. नुसता ‘निळा’ लिहून भागत नाही, ते यासाठी.

दगड सापडलेल्या गावाचं नाव हे तर कायमचं दुखणं. जुन्या लेबलांवर नुसतं ‘पूना’ असतं, मग दगड कुठल्या खाणीतून निघाला ते कोण सांगणार? नोंदकार तिथे अंदाजाने वाघोली लिहीत नाही. लेबलावरचा शब्द आहे तसा अवतरणात उतरवतो, आणि जुनं लेबल फाटकं असलं तरी दगडासोबतच ठेवतो.