बटण दाबलं, पण...

सिग्नल हिरवा झालाय, मागे पीएमपीची बस भोंगा वाजवतेय आणि नेमकी तुमची बाइक बंद. किक मारा, नाहीतर बटण दाबा, ती ढिम्म. कोथरूडला असताना हा सीन मी शंभरदा जगलोय. गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये तोच सीन प्रशांत महासागरात झाला. फरक इतकाच, की मागे बस नव्हती, बोट होती. आणि तिला ब्रेक नव्हता.

थांबा, जरा सुरुवातीपासून सांगतो. मी अमेरिकेतल्या ऑरेगनमध्ये, हिल्सबरोला राहतो. चिप बनवणाऱ्या कंपन्यांमुळे आपली मंडळी इथे भरपूर. वीकेंडला कुणी ट्रेकिंग करतं, कुणी क्रिकेट. मला चाळिशीच्या उंबरठ्यावर खाज सुटली ती स्टँड-अप जेट स्कीची. मालवणला किंवा गोव्यात पर्यटकांना बसवून फिरवतात ती नव्हे. हिला सीटच नसते. पाठीमागच्या पन्हाळीसारख्या जागेत उभं राहायचं आणि वरखाली होणारा हँडलचा दांडा धरायचा. थांबलात की तोल गेलाच. मूळ कल्पना क्लेटन जेकबसन नावाच्या मोटोक्रॉसवाल्याची. कावासाकीने ती 1973मध्ये ‘जेट स्की’ नावाने बाजारात आणली.

माझी सेकंडहँड. दोन सिलिंडर, टू-स्ट्रोक, सातशे सीसीच्या आसपास, वजन सव्वाशे किलोच्या वर. कोलंबिया नदीत ती शहाण्या मुलीसारखी वागायची. बटण दाबलं की चालू. पण दोनेक तासांवरच्या पॅसिफिक सिटीला, खऱ्या लाटांत नेली, की तिचे नखरे सुरू. पहिला स्टार्ट झकास. पडलो, पुन्हा बटण दाबलं की ‘घर्र... घर्र... घर्र...’ आणि मग कधीतरी धूर ओकत चालू.

लाटांत ही साधी कटकट नसते. किल-स्विचची दोरी मनगटाला असते, म्हणजे पडलात की इंजिन बंद. तासाभरात वीस-पंचवीस वेळा पडायचं, तितक्याच वेळा स्टार्ट मारायचा. आणि दोन लाटांमध्ये हातात असतात जेमतेम दहा-बारा सेकंद.

मी काय केलं? आपण ऑफिसात करतो तेच. कारण न शोधता पार्ट बदलत सुटलो. नवे प्लग. नवी बॅटरी. कार्ब्युरेटर उघडून साफ. नदीत टेस्ट केली, एकदम ओके! ‘झालं काम,’ असं बायकोला ऐटीत सांगितलं आणि तिला नि लेकीला घेऊन पॅसिफिक सिटी गाठली.

तिथे डोरी नावाच्या सपाट बुडाच्या मच्छीमार बोटी असतात. बंदर नाही, धक्का नाही. शंभरहून जास्त वर्षं त्या थेट वाळूवरून समुद्रात जातात. परत येताना हॉर्न वाजवत, फुल थ्रॉटलने सरळ किनाऱ्यावर चढतात. एकदा निघाली की डोरी थांबत नाही, तुम्ही बाजूला व्हायचं असतं.

मी पडलो तो नेमका तिच्या वाटेत. हॉर्न ऐकू आला. बटण दाबलं. घर्र. चोक ओढला. घर्र... घर्र... टक. मग तेही नाही. शेवटी स्की सोडून जीव खाऊन बाजूला पोहलो. डोरीवाल्याने कसंबसं वळवलं आणि माझ्या स्कीपासून दोन हातांवरून तो निघून गेला. बोटीत दोन माणसं होती. तो शिव्या घालत नव्हता, नुसता बघत होता. ते जास्त लागलं.

बायको किनाऱ्यावर एकच वाक्य बोलली, ‘अरे, नीट होत नसेल तर विकून टाक, पण झालंय असं मला सांगू नकोस.’ परतीचे दोन तास गाडीत कुणी गाणं लावलं नाही.

मग गेलो एका म्हाताऱ्या मेकॅनिककडे. त्याने हत्यार उचललंच नाही. आधी विचारलं, ‘कुठे चालू होते आणि कुठे नाही? दोन्हीकडे वेगळं काय?’ मी बोटांवर मोजलं. समुद्रात ती उलटी होते. इंजिन तापलेलं असतं. पोटात खारं पाणी जातं. स्टार्ट वीसपट मारावे लागतात. तो म्हणाला, ‘मग याच चार गोष्टी तपासू.’

कॉम्प्रेशन मोजलं. दोन्ही सिलिंडर दीडशे पीएसआयच्या आसपास, सारखे. म्हणजे इंजिन ठणठणीत. प्लग काढले तर पेट्रोलने ओले. कार्ब्युरेटरमधली सुई आणि तिची बैठक झिजलेली होती, त्यामुळे स्की उलटी झाली की पेट्रोल पाझरायचं. मी तो साफ केला होता, पण सुई बदललीच नव्हती. वर मी घाबरून चोक द्यायचो, म्हणजे आधीच पेट्रोल प्यायलेल्या गरम इंजिनाला आणखी पाजायचो!

तरी सेल्फ इतका मंद का फिरतो? त्याने मीटर लावून बटण दाबलं. बॅटरीच्या टोकांवर अकरा व्होल्ट, स्टार्टरला मिळतात फक्त नऊ. मधले दोन व्होल्ट खातंय कोण? इंजिनाला अर्थची वायर जिथे बसते, तिथला बोल्ट. हिरवट-पांढऱ्या गंजाने भरलेला. समुद्रावरून आल्यावर मी स्की बाहेरून चकाचक धुवायचो. हूड उघडून आत गोडं पाणी मात्र एकदाही मारलं नव्हतं.

आता सगळं जुळलं. सेल्फ मंद फिरला की या इंजिनात ठिणगीही कमजोर पडते. प्लग कोरडे असतील तर तेवढ्यावर भागतं, म्हणून नदीत ओके. ओले असतील तर नाही. नवी बॅटरी फुकटच घेतली होती. खरा रोग एका बोल्टवर होता आणि तो घासायला लागली वीस मिनिटं.

सुई-बैठक नवी बसवली, अर्थ चकचकीत करून ग्रीस लावलं. म्हाताऱ्याने निघताना चार गोष्टी बजावल्या. उलटलेली स्की मागच्या स्टिकरवर दाखवलेल्या बाजूनेच सुलटी करायची, नाहीतर एक्झॉस्टमधलं पाणी इंजिनात शिरू शकतं. गरम असताना चोक नाही. फ्लड झाली असेल तर थ्रॉटल पूर्ण दाबून सेल्फ मारायचा. आणि पाच सेकंदांवर बटण दाबून ठेवायचं नाही, पंधरा सेकंद दम द्यायचा.

सप्टेंबरमध्ये पुन्हा गेलो. या वेळी डोरींच्या वाटेपासून खूप लांब, सोबत दुसऱ्या स्कीवर एक मित्र. आधी डोरीवाल्याला शोधून सॉरी म्हटलं. त्याने ‘चालू होते का आता?’ एवढंच विचारलं. मी म्हटलं, ‘बघूनच सांगतो.’

सतरा वेळा पडलो. सोळा वेळा पहिल्या बटणाला चालू झाली. एकदा दोनदा दाबावं लागलं.

बाहेर आल्यावर बायकोने विचारलं, ‘काय, झाली का नीट?’

मी सतराही स्टार्टचा हिशेब दिला, त्या एका दुसऱ्या बटणासकट. तिने थर्मासमधला चहा पुढे केला. परतताना गाणी लेकीने लावली.