श्रद्धा, क्षमा आणि संसार : वऱ्हाडातील ख्रिस्ती ऐतिहासिक कादंबरीचा विचार

ज्या कथनात भूतकाळातील एखादा निश्चित कालखंड उभा केलेला असतो आणि ख्रिस्तावरील श्रद्धेमुळे पात्रांच्या आयुष्याला निर्णायक वळण मिळते, त्या कथनाला ख्रिस्ती ऐतिहासिक कादंबरी म्हणता येईल. ल्यू वॉलेस यांच्या 'बेन-हर'मध्ये (१८८०) नायक सूडाकडून क्षमेकडे येतो, शेन्केविच यांच्या 'क्वो व्हाडिस'मध्ये (१८९६) रोमन सरदाराला ख्रिस्ती तरुणीवरील प्रेम श्रद्धेपर्यंत नेते, तर फ्रान्सीन रिव्हर्स यांनी 'रिडीमिंग लव्ह'मध्ये (१९९१) होशेय संदेष्ट्याची कथा कॅलिफोर्नियातील सोन्याच्या शोधाच्या काळात नेऊन ठेवली. या परंपरेतील, विशेषतः अलीकडच्या लोकप्रिय कादंबऱ्यांचा क्रम बहुधा ठरलेला असतो : आधी अपराध, मग पश्चात्ताप, मग देवाची क्षमा आणि अखेरीस विवाह. बुलढाणा जिल्ह्याच्या पार्श्वभूमीवर अशी कादंबरी लिहू पाहणाऱ्याने हा क्रम आयता उचलण्यापूर्वी मराठी अनुभवावर तो घासून पाहणे आवश्यक आहे.

मराठीतील पहिली कादंबरी मानली जाणारी बाबा पदमनजींची 'यमुनापर्यटन' (१८५७) हीच मुळात एका ख्रिस्ती लेखकाची कृती आहे. पदमनजींचा बाप्तिस्मा १८५४ मध्ये झाला होता आणि त्यानंतर तीन वर्षांत लिहिलेल्या या कादंबरीत मनाने ख्रिस्ताकडे झुकलेली यमुना प्रवासात विधवांची दैन्यावस्था पाहते, पुढे स्वतः विधवा होते आणि शेवटी ख्रिस्ती धर्म स्वीकारून पुनर्विवाह करते. समाजचिकित्सा म्हणून या कृतीचे महत्त्व वादातीत आहे. मात्र कादंबरीच्या कारागिरीच्या दृष्टीने पाहता यमुनेची श्रद्धा जवळजवळ आरंभापासून सिद्ध असल्याने तिला फारसा आंतरिक झगडा करावा लागत नाही, युक्तिवाद पात्रांच्या तोंडून बोलत राहतो आणि पुनर्विवाह हा प्रेमाचा परिणाम वाटण्याऐवजी सिद्धांताचा निष्कर्ष वाटतो.

याच्या नेमका उलटा क्रम लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे' या आत्मचरित्रात आढळतो, आणि ते आत्मचरित्र असूनही कादंबरीकाराला त्यातून अधिक शिकता येते. नारायण वामन टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला, त्यानंतर काही वर्षे पतिपत्नी एकमेकांपासून दूर राहिली, आणि एकत्र आल्यावरही लक्ष्मीबाईंचे सोवळे लगेच सुटले नाही; त्यांचा स्वतःचा बाप्तिस्मा १९०० मध्ये झाला. म्हणजे संसार आधी पुन्हा उभा राहिला आणि श्रद्धेचे ऐक्य नंतर आले. १८६६ च्या एकविसाव्या कायद्यानुसार, धर्मांतरामुळे जोडीदाराने टाकलेल्या ख्रिस्ती व्यक्तीला न्यायालयाकडे दाद मागता येत असे आणि जोडीदाराने सहवासाचा नकार कायम ठेवल्यास, वर्षभराची मुदत देऊन, विवाह रद्द करून घेता येत असे. टिळक दांपत्याचा संसार मात्र त्या वाटेने गेला नाही. अशा प्रसंगी क्षमा कोणी कोणाची मागायची, हा प्रश्न कळीचा ठरतो. धर्मांतरित नायक देवाकडे क्षमा मागतो हे कादंबरीकार सहज लिहितो, परंतु त्याच्या निर्णयामुळे ज्या पत्नीवर आणि आईवर जातिबहिष्काराचे सावट पडले त्यांच्यापुढे तो उभा राहिला की नाही, हे लिहिणे त्याला अवघड जाते, आणि कथानकाचा खरा कस तेथेच लागतो.

बुलढाणा जिल्ह्यात हा कस दुष्काळाच्या संदर्भात अधिक तीव्र होतो. अमेरिकेतील ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्स या संस्थेने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस वऱ्हाडात काम सुरू केले. अकोला हे तिचे मुख्य केंद्र होते आणि खामगाव, बुलढाणा, मलकापूर येथेही तिची ठाणी होती. विक्रम संवत १९५६ मध्ये, म्हणजे १८९९-१९०० साली, पडलेल्या आणि म्हणून 'छप्पनचा दुष्काळ' म्हणून ओळखल्या गेलेल्या आपत्तीत अनेक निराधार मुले मिशनांच्या अनाथाश्रमांत आली. अशा आश्रमात वाढलेली मुलगी नायिका म्हणून घेतली, तर तिच्यापुढील सर्वांत कठीण क्षमा प्रियकराची असणार नाही, तर उपासमारीच्या दिवसांत तिला आश्रमाच्या दारात सोडून निघून गेलेल्या बापाची असेल. तिची श्रद्धा भाकरीतून आली की प्रार्थनेतून, ही शंका गावकरी घेतीलच. लेखकाने ती शंका खोडून काढण्याची घाई करू नये, कारण स्वतः नायिकेलाही ती वर्षानुवर्षे छळू शकते आणि त्या छळातूनच तिच्या श्रद्धेला वजन येते.

तिच्या भोवतीचे जग श्रद्धाहीन नव्हते, हेही विसरता कामा नये. खामगावपासून जवळच असलेल्या शेगावात त्याच काळात गजानन महाराजांचे वास्तव्य होते आणि त्यांनी १९१० मध्ये समाधी घेतली. पंढरीची वारी, कीर्तन आणि नामस्मरण घराघरांत होते. नायिका अंधारातून प्रकाशात येते असे दाखवणे सोपे आहे, परंतु ती एका भक्तीतून दुसऱ्या भक्तीत जाते असे दाखवले तरच तिने मागे सोडलेल्या गोष्टींची किंमत वाचकाला कळते.

प्रेमकथेच्या बाबतीतही स्थानिक वास्तव पाळावे लागते. आश्रमातील मुलींची लग्ने बहुधा मिशनच्या पुढाकारानेच ख्रिस्ती तरुणांशी ठरत, त्यामुळे विवाहपूर्व एकांतातील भेटी आणि मोकळे प्रेमालाप त्या काळाला शोभणारे नाहीत. प्रीतीचा विकास लग्नानंतर, दोन अनोळखी माणसांच्या संसारात दाखवणे अधिक विश्वसनीय ठरते. संवादांतही हाच विवेक हवा : उपासनेतील मराठी बायबलची आणि छापील गीतांची भाषा वेगळी, तर कपाशीच्या वावरातील किंवा खामगावच्या बाजारातील वऱ्हाडी बोली वेगळी, आणि एकाच स्त्रीच्या तोंडी दोन्ही याव्यात. कायदेशीर तपशीलही जपून वापरावा लागतो. १८५३ पासून वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे असला तरी तो मुलूख नावाने निजामाचाच होता, १९०२ मध्ये कायमचा भाडेपट्टा होऊन १९०३ मध्ये तो मध्य प्रांताला जोडला गेला, आणि ब्रिटिश हिंदुस्थानातील कायदे तेथे आपोआप लागू न होता स्वतंत्र हुकमाने लागू करावे लागत. म्हणून १८६६ च्या कायद्यावर बेतलेला प्रसंग रंगवण्यापूर्वी त्याची जिल्ह्यातील स्थिती तपासणे हे लेखकाचे कर्तव्य आहे.

या सर्वांवरून एक निष्कर्ष निघतो. श्रद्धेचे बक्षीस म्हणून क्षमा आणि क्षमेचे बक्षीस म्हणून विवाह, अशी जिन्याच्या पायऱ्यांसारखी मांडणी वऱ्हाडच्या इतिहासाला पेलत नाही. येथे नाती आधी असतात, क्षमा सावकाश आणि अर्धीमुर्धी मिळते, आणि काही वेळा मिळतच नाही. क्षमा न करणाऱ्या पात्रालाही कादंबरीत सन्मानाची जागा द्यावी, आणि क्षमा मागण्याचा भार सर्वांत आधी श्रद्धावान पात्राच्याच खांद्यावर ठेवावा. एवढे पथ्य पाळणारी कादंबरी ख्रिस्ती वाचकाला आपली वाटेल आणि इतर मराठी वाचकालाही परकी वाटणार नाही.